सोयाबीनची सुडी की हार्वेस्टर?

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील काळ्याभोर जमिनीवर आश्विनाच्या सुमारास परतीच्या पावसाचे सावट आले, की परभणी जिल्ह्यातील रयतेपुढे एकच विवंचना उभी राहते: उभे सोयाबीन एकरी गुत्ते देऊन विळ्याने कापावे व सुडी रचून सवडीने मळावे, की हार्वेस्टर घालून कापणी-मळणी एकदमच उरकावी. कॅनडातील कॅनोला-उत्पादकांपुढेही, पीक कापून ओळींत सुकत ठेवावे की उभेच मळावे, हाच प्रश्न असतो. आपल्याकडे सुडीच्या बुडाशी पाणी शिरले, की ताडपत्री दूर सारताच उष्ण, आंबूस वाफ अंगावर येते आणि शेंगांतील दाण्यांना मोड फुटलेले दिसतात. हे ज्याने पाहिले, त्याला यंत्राचा मोह का पडतो, ते निराळे सांगावे लागत नाही.

तथापि यंत्राचा सरसकट अंगीकार मला मान्य नाही. भुईलगतच्या शेंगा पात्याखाली राहून जातात, ओल्या रानात चाके रुततात, आणि दाण्याचे टरफल इतके नाजूक, की ड्रमची गती थोडी वाढली तरी अंकुर दुखावतो. सबब घरचे बियाणे हातानेच कापून बेताच्या गतीने मळावे. बाजारात जाणारे पीक मात्र, पाऊस दाराशी असताना, हार्वेस्टरच्या स्वाधीन करणेच श्रेयस्कर. १९७२ साली परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने यांत्रिक काढणीस योग्य असा एमएयूएस-१६२ हा वाण दिलेला आहे. शेतकरी बंधूंना विनंती एवढीच, की काढणीचा निर्णय आश्विनावर न ढकलता पेरणीपूर्वी, वाण निवडतानाच करावा.