ठिगळ लपवायला लावणारा नियम

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी काढायची नाही. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. या गाड्यांना भंगारापेक्षा वेगळी जागा मिळाली, हे बरंच झालं. भांडण आहे ते एका अटीशी. गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, असं ती अट सांगते.

पेठ वडगावात पत्र्याचं काम करण्यात माझं आयुष्य गेलं. ही अट आल्यापासून जुन्या गाडीचा मालक दारात आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “मिस्त्री, जुना जोड दिसता कामा नये.” पूर्वी लोक गंज काढायला यायचे. आता इतिहास काढायला येतात.

माझे वडील ट्रकच्या बॉड्या बांधायचे. ट्रक यायचा तो नुसती चासी, पुढं इंजिन आणि बसायला पाट. लाकूड, पत्रा, केबिन, रंग, सगळं आमच्यासारख्यांच्या हातचं. अशा ट्रकची ‘मूळ’ बॉडी कुठली, असं विचारलं असतं तर वडील हसले असते. मोटारींचंही एके काळी हेच होतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइस गिऱ्हाइकाला चासी विकायची; बॉडी हूपर, बार्कर यांच्यासारखे कारखानदार बांधून द्यायचे. विजयादशमीला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींची जी मेबॅक बघायला गर्दी होते, त्या मेबॅक कंपनीची रीतही तीच होती. चासी आणि इंजिन फ्रीडरिश्सहाफेनला, बॉड्या बहुतेक राव्हेन्सबुर्गच्या श्पोनकडं. संस्थानिक तर काही वर्षांनी जुन्या चासीवर नवी बॉडी चढवून घ्यायचे. पहिली बॉडी १९२८ ची आणि दुसरी १९३५ ची असेल, तर त्यातली खरी कुठली? माझ्या मते दोन्ही.

विलायती बॉडीचा सांगाडा साधारणपणे ॲश लाकडाचा असतो. आत सागवान सापडलं की मुंबई-पुण्याचे हौशी लोक लगेच नाक मुरडतात: ‘नंतरचं काम’. पण मद्रासच्या सिम्प्सनसारखे कारखाने इथंच कोऱ्या चासीवर बॉड्या बांधत होते. तेव्हा सागवान दिसलं म्हणून गाडी खोटी ठरवायची घाई नको. खिळे बघा, स्क्रू बघा. फुलीच्या डोक्याचा स्क्रू मोटारीत आला तो १९३६ मध्ये, कॅडिलॅकपासून. १९३० च्या इंग्लिश गाडीच्या चौकटीत तसा स्क्रू आढळला, तर तो कुणीतरी मागाहून पिळलेला आहे, एवढं नक्की. पण तेवढंच. एक स्क्रू बदलला म्हणजे बॉडी बदलली असं होत नाही.

आमच्या भागातलं खरं उदाहरण जीपचं आहे. युद्धातल्या जीपा लिलावात आल्या, पुढं महिंद्रानं नव्या जीपा इथंच जोडायला घेतल्या, आणि त्यातल्या किती तरी आमच्याकडं वडापला, म्हणजे खेडोपाडी माणसं नेण्या-आणण्याच्या धंद्याला, लागल्या. वडाप करायचं म्हणजे माणसं जास्त बसली पाहिजेत, म्हणून जीप मागून कापून लांब करायची. कोल्हापूर जिल्ह्यात हे काम करणारे कारागीर होते आणि ते भुरटे नव्हते.

अशी एक लांबवलेली जीप अलीकडंच माझ्याकडं आली. मालकाला ती विकत घेताना ‘एकदम ओरिजिनल मिलिटरी’ म्हणून सांगितलं होतं. पुढच्या जाळीला नऊ फटी होत्या. लष्करी जीपची जाळी नऊ फटींची, नागरी जीपची सात फटींची, त्यामुळं इथं तरी गडी खरा निघाला. खाली वाकून रेडिएटरखालचा आडवा दांडा पाहिला. विलिसच्या जीपला तो गोल नळीचा असतो आणि फोर्डच्या जीपला पत्रा दुमडून केलेला. हा गोल होता. मग मागच्या बाजूला आलो. चुंबक फिरवला तर एका उभ्या पट्टीवर पकड ढिली पडली, म्हणजे तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. लांबी खरवडली तर खाली गॅस वेल्डची वेडीवाकडी शिवण. कारखान्यातलं वेल्डिंग असं नसतं. तिथं दाबून केलेले वाटोळे ठिपके सारख्या अंतरावर पडतात.

बहुतेक जण इथंच थांबतात: बदललेली आहे, संपलं. पण कधी बदलली? त्यासाठी पाणकागद घेऊन रंग हळूहळू घासायचा, नाण्याएवढ्या जागेत. एकाखाली एक थर कड्यांसारखे उघडे पडतात. पुढच्या मूळ पत्र्यावर वरून पांढरा, मग निळा, मग मळका पिवळा आणि अगदी तळाला लष्करी हिरवा. शिवणीच्या मागच्या वाढीव पत्र्यावर तेच पांढरा, निळा, पिवळा. हिरवा मात्र नाही. म्हणजे जीप लष्करातून सुटल्यावर आणि पिवळा रंग लागण्याआधी ती लांबवली गेली. वडापला लागताना केलेलं काम, वरचे रंग त्या वाढीव पत्र्यानं पुढच्या अंगाबरोबरच अंगावर घेतलेले. आता हे ‘मूळ’ नाही म्हणून मी काय करू? मालक म्हणाला, कापून पुन्हा मूळ मापाची करा. हे मला जमतं, आणि कामाचे पैसेही चांगले मिळतात. पण त्यासाठी आजचा पत्रा लावून कालचा पत्रा भंगारात टाकायचा आणि वर नोंदणीसाठी गाडी तपासणाऱ्या राज्याच्या समितीला सांगायचं की गाडीला कुणी हात लावलेला नाही.

अट घालणाऱ्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. जीपच्या बाजारात लबाडी भरपूर आहे. तिकडं मंडी डबवालीला कोरी बॉडी मिळते, इकडं जुन्या कागदाची जीप मिळते. दोन्ही एकत्र आणली की ‘१९५० ची गाडी’ तयार. अशा गाडीत कागदाशिवाय जुनं काहीच नसतं. तळाचा रंगसुद्धा कोरा, सगळीकडं एकाच हाताचा, सगळीकडं एकाच जाडीचा. तिला व्हिंटेजचा नंबर देऊ नये, यात वाद नाही. गंमत अशी, की ओळ न ओळ पाळली तर या कोऱ्या बॉडीला पास होणं सोपं आणि वडापच्या जीपला अवघड. कोऱ्या बॉडीला जोडच नसतो.

जुन्या डुक्कर फियाटचंही तेच. तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, म्हणून उघडायचे उलटे. चालत्या गाडीत वारा भरला की दार सताड उघडणार, या भीतीनं एखाद्यानं त्या काळीच बिजागऱ्या पुढं घेतल्या, तर मधल्या खांबावरच्या बुजवलेल्या खाचा बोटाला लागतात. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. मग बिजागरीची ही हलवाहलव नियमाच्या भाषेत काय धरायची, दुरुस्ती की मोठा फेरफार? समितीतला साहेब जसा असेल तसं.

आणखी एक प्रकार आता दुर्मीळ झालाय. युद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा कोळशाच्या गॅसवर गाड्या चालायच्या. तो गॅस करणाऱ्या भट्टीसाठी गाडीला पाडलेली भोकं आणि कंसांच्या खुणा मी भरणार नाही, मालक कितीही रागावला तरी.

जगात यावर विचार झालेला आहे. जुन्या गाड्यांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची ट्यूरिन सनद २०१२ ची. गाडीच्या वापराच्या काळात तिच्यावर झालेली कामं हीसुद्धा तिच्या इतिहासाची साक्ष, असं ती मानते. गाडीचं ओळखपत्र देताना ही संघटना त्या काळातले बदल आणि नंतरचे बदल वेगळे धरते. आपल्या नियमात हा फरक आणायला एक रकाना पुरेल: कोणता बदल, साधारण कधीचा, कशावरून ठरवलं. मालकानं जोड आपणहून दाखवला तर नंबर मिळावा. लपवलेला सापडला तर नाकारावा. आज नेमकं उलटं चाललंय.

आणि रकाना भरायचा तर भरणारा माणूस हवा. राज्याच्या समितीनं कागद तपासावेत, चासी नंबर ताडून पाहावा, ते होतंच. सोबत चुंबक, पाणकागद आणि अंगठ्याची नखं घेऊन गाडीखाली झोपणारा एक पत्रेवालाही असू द्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे चार तरी सापडतील. मानधनाचं नंतर बघू, आधी त्याला गाडी उन्हात उभी करून द्या. सावलीत लांबी दिसत नाही.