इसार कोणाचा बुडाला?

करोनाने आम्हांला साधी लग्ने शिकवली, असे हल्ली व्यासपीठावरून ऐकू येते. बोलणारे गृहस्थ बहुधा एखाद्या थाटाच्या लग्नाहूनच आलेले असतात. मी बुलढाणा जिल्ह्यातला एक शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, तेव्हा खोटे ओळखण्याची थोडी सवय आहे. हे विधान खोटे आहे, आणि निरुपद्रवीही नाही.

माझ्या पुतणीचे लग्न २६ एप्रिल २०२० रोजी, अक्षय्य तृतीयेला ठरले होते. कार्यालयाला पंचवीस हजार इसार दिला होता, बँडवाल्याला पाच हजार. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली आणि मुहूर्त गेला. कार्यालयाच्या मालकांना मी इसार परत मागितला. ते गोड आवाजात म्हणाले, "पुढची तारीख घ्या, मास्तर." मी "बरं" म्हणालो. बँडवाला मात्र माझा जुना विद्यार्थी. त्याच्यावर मला आवाज चढवता आला. तो म्हणाला, "गुर्जी, थे पैसे तं ढोलाच्या पानात गेले. पोरायले उचल देल्ली." तरी महिन्याभरात त्याने पाच हजार आणून दिले. कोठून आणले, हे मी विचारले नाही. जूनमध्ये पन्नास माणसांत, अंगणात लग्न लागले. अक्षता पडत होत्या तेव्हा तो रस्त्यावरून भाजीची हातगाडी ढकलीत चालला होता. थांबून त्याने हात जोडले.

याला साधेपणा म्हणायचे?

कोणी गैरसमज करून घेऊ नये. गर्दीवर बंधने हवीच होती. मांडवात साथ पसरते आणि घरोघर जाते. २०२१ च्या फेब्रुवारीत दुसरी लाट आमच्या अमरावती विभागात लवकर उसळली. त्याच वर्षी २२ एप्रिलपासून राज्यात हुकूम झाला: लग्नाला पंचवीस माणसे, दोन तास, मोडल्यास पन्नास हजार दंड. हुकुमाने माणसे मोजली, तास मोजले, दंड मोजला. पण बुडालेला इसार कोणाच्या खाती मांडायचा, ते सांगितले नाही. वाजंत्री, आचारी, मांडववाले यांची कमाई तुळशीच्या लग्नापासून पावसाळ्यापर्यंतची. त्यांचे दोन उन्हाळे लागोपाठ गेले.

आणि कायद्यात सोय नव्हती असेही नाही. हे हुकूम ज्या साथरोग कायद्याच्या आधाराने निघाले तो १८९७ सालचा, मुंबईच्या प्लेगातला. त्याच्या दुसऱ्याच कलमात, उपायांपायी होणारा खर्च आणि द्यायची असल्यास नुकसानभरपाई कोणी सोसायची, हे ठरवण्याचा अधिकार सरकारला आहे. परक्या सरकारला सुचलेला शब्द आमच्या सरकारने वापरला नाही. उलट १८७२ चा करार कायदा म्हणतो, करार निष्फळ झाला तर घेतलेले परत करा. म्हणजे कायदा माझ्या बाजूने होता; पण तो मी वापरला भाजीवाला झालेल्या पोरावर, कार्यालयाच्या मालकांवर नाही. दुबळ्याने इसार परत केला, सबळाने ठेवून घेतला, आणि मधल्या माझ्यासारख्याने दोन्हीकडे मान डोलावली.

साधे लग्न आम्हांला नवे नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच भटजीवाचून, अल्प खर्चात लग्ने लावली. ती विचाराने लावली होती, लोकांचा रोष पत्करून. आमची पोलिसाच्या भयाने लागली. म्हणूनच भय सरताच मांडव पूर्वीहून रुंद झाले, आणि कर्ज काढून मुलगी उजवणारा शेतकरी होता तिथेच राहिला. शिकवण टिकते; धाक टिकत नाही.

मागणी मोठी नाही. इसाराची पावती लेखी असावी. कार्य सरकारी हुकुमाने मोडले, तर झालेला खर्च वजा करून उरलेले परत मिळावे, आणि तो खर्च सरकारने निदान अर्धा सोसावा. पुढची साथ मुहूर्त पाहून येणार नाही.

मागाहून मी ते पाच हजार घेऊन त्या पोराकडे गेलो. त्याने हात मागे घेतला. "वाजवलंच नाही तं कायचे घेऊ, गुर्जी?"

साधेपणाचा उपदेश करणाऱ्यांनी आधी एवढेच सांगावे, त्यांनी आपला इसार कोणाकडून वसूल केला. मी माझे सांगितले आहे.