हत्यार निवडण्याआधी बटावर या

पिस्तूल कोणतं घेऊ, असं विचारणारी माणसं कळमनुरीत माझ्याकडे अधूनमधून येतात. राज्य राखीव पोलीस बलाच्या हिंगोलीच्या गट क्रमांक १२ मध्ये माझी नोकरी शस्त्रागारात गेली, त्यामुळे गावात माझी तीच ओळख. येणारा कोणी पंपाची रोकड बँकेत नेणारा असतो, कोणी सराफ, कोणी हळदीचा व्यापारी. अलीकडे विशी-तिशीतली पोरंही येतात. जिवाला धोका कोणापासून आहे, हे त्यांना नीट सांगता येत नाही. कमरेला काय शोभेल, ते मात्र आधीच ठरलेलं असतं.

ज्याला खरी गरज आहे त्याला मी सांगतो, पिस्तूल घ्यायचंच तर पोलादी बॉडीचं आणि हाताला वजन जाणवेल असं घ्या. आम्ही खात्यात इशापूरच्या कारखान्यातलं ९ मिमीचं पिस्तूल सांभाळलं. ब्राउनिंगच्या हाय-पॉवरवर बेतलेलं, सगळं पोलादी, मॅगझीनमध्ये १३ गोळ्या, रिकामं असतानाच किलोला थोडंसं कमी. नवख्या जवानाचा हात त्यावर लवकर बसायचा, कारण गोळी सुटल्यावरचा झटका बराचसा हत्याराच्या वजनातच जिरतो. दुसरी गोळी मारताना नळी पुन्हा निशाण्यावर आणायला कमी झगडावं लागतं. ग्लॉकसारख्या पॉलिमरच्या पिस्तुलाला गंज कमी, वजन कमी, दिवसभर कमरेला त्रास नाही. ज्याला ते रोज बाळगायचं आहे त्याला ते सोयीचं. पण ९ मिमी हा बोअर, म्हणजे नळीचा व्यास, सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. परवान्यावर मिळतं ते मुख्यतः .३२, म्हणजे १८९९ च्या सुमारास ब्राउनिंगनेच आणलेलं काडतूस.

.३२ लहान आहे म्हणून पिस्तूलही लहान आणि हलकं घ्यावं, असं लोकांना वाटतं. तिथे मी थांबवतो. या बोअरच्या बहुतेक पिस्तुलांत स्लाइड अडवायला स्प्रिंग आणि स्लाइडचं वजन एवढंच असतं, त्यामुळे स्प्रिंग कडक ठेवावी लागते. साठीतल्या सराफाला ती स्लाइड मागे ओढता आली नाही, तर ते हत्यार त्याच्या कामाचं नाही. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे .३२ चं रिव्हॉल्व्हर आणलं. तेही धातूचंच, पण टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅमचं. पर्समध्ये ठेवायला हलकं, पण मारताना झटका हाताला जास्त जाणवणारच. ज्याला सराव करायचा नाही त्याने मुळात पिस्तुलाच्या वाटेला जाऊ नये, रिव्हॉल्व्हर घ्यावं. पिस्तुलाचं मॅगझीन काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये राहिलेली असू शकते, आणि “रिकामं आहे” म्हणत चाप ओढला की घरातलंच माणूस जातं. मॅगझीन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानेही चाचपायचं, हे अंगवळणी पडायला महिने लागतात.

वाडवडिलांच्या परवान्यावरचं वेब्ली किंवा कोल्ट कोणी घेऊन येतं, तेव्हा हातात धरताच काम कळतं. सामान्य माणसाला परदेशी हत्यार आणण्याची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली, म्हणून या जुन्या पोलादी पिस्तुलांना आज मोठा भाव येतो. पण सुटे भाग मिळत नाहीत, आणि जुन्या बनावटीची काही पिस्तुलं हातातून पडली तर उडू शकतात. आपल्याकडे मे महिन्यात कमरेजवळचा घाम पोलादाची निळसर झिलई खातो. चामड्याच्या म्यानात ठेवून दिलं तर गंज आणखी लवकर चढतो. पोलाद घेतलं की तेलाची चिंधी आलीच. (म्हणून पोरांना मी आधी पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, दाखवतो. तो पाहूनच काहींचा उत्साह मावळतो.)

शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा. सोयाबीनमध्ये रानडुक्कर आणि रोही शिरतात तेव्हा पिस्तूल काही उपयोगाचं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे.

आता परवान्यांकडे येतो. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर त्या जिल्ह्यातल्या बाराशेहून अधिक शस्त्र परवान्यांचा आकडा राज्यापुढे आला. हवेत बार काढणाऱ्यांच्या चित्रफिती घरोघर पाहिल्या गेल्या. मग प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. हवेत बार काढणारी ही माणसं आपल्याच मराठवाड्यातली. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने लग्न-वरातीत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. एका माणसाला पूर्वी तीन हत्यारं बाळगता यायची, ती दोनवर आणली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं केली, आणि हे मला पटत नाही. पाच वर्षांत डोळे जातात, हात थरथरतो, दारू लागते, भावकीचं भांडण पेटतं. कागद तसाच चालू राहतो.

२०१६ च्या नियमांत हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण आणि त्याचा दाखला आहे. पण त्या माणसाला खरंच हत्यार सांभाळता येतं का, हे दाखल्यावरून कळत नाही. माझं म्हणणं असं, की जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना देण्याआधी आणि प्रत्येक नूतनीकरणाला अर्जदाराला पोलिसांच्या फायरिंग बटावर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, उभं करावं. त्याने खात्याच्या आर्मोररसमोर, म्हणजे हत्यारं सांभाळणाऱ्या कारागिरासमोर, हत्यार उघडावं, साफ करावं, जोडावं, चेंबर रिकामं असल्याचं दाखवावं आणि दहा गोळ्या माराव्यात. घरात ते कुलपात कुठे राहणार, किल्ली कोणाकडे असणार, हेही तिथेच विचारावं. ज्याला रोकड घेऊन रात्री नांदेड रस्त्याने यायचं आहे तो एक दिवस काढून नक्की येईल. हिंगोलीत गटाचं मुख्यालय आहे, हत्यारं जाणणारी माणसं आहेत. सुरुवात इथूनच करता येईल. चाचणी घ्यायला माणूस कमी पडला तर मी विनामोबदला यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे निवृत्त आर्मोरर या जिल्ह्यात आणखीही आहेत.