बागेंतील छायाचित्रें आणि रेखाटन

छायाचित्रांच्या नादानें विद्यार्थ्यांचा चित्रकलेचा हात बिघडतो, असा आक्षेप कित्येक सुज्ञ पालक घेतात. आम्हांस तो मान्य नाहीं. बर्लिन येथील शिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट यांनीं घरीं बनविलेल्या कॅमेऱ्यानें कोंब, कळ्या व पानें यांचीं ३० पटींपर्यंत मोठीं छायाचित्रें घेतलीं, तीं मुळीं विद्यार्थ्यांच्या अध्यापनासाठींच. १९२८ सालीं तीं ग्रंथरूपानें जगापुढें आलीं.

आपल्या अंगणांतील जास्वंदच घ्या. कॅमेरा जवळ नेला म्हणजे पुंकेसरांच्या नळीपुढें पांच तांबडीं बोंडकीं दिसतात. रोज हें फूल खुडणाऱ्या कितीजणांनीं तीं मोजलीं असतील? अंतर जितकें कमी, तितका चित्रांतील स्पष्ट भाग अरुंद होतो. वाऱ्याच्या झुळुकीनेंही चित्र बिघडतें. म्हणून सकाळची निवांत वेळ साधून धीर धरावा लागतो. हा धीर हेंच खरें शिक्षण होय. शिवाय फूल झाडावरच राहतें. जास्वंदीच्याच कुळांतील भेंडीच्या फुलाची पुढें शेंग झालेली पाहतां येते.

पाठ्यपुस्तकांतील आकृति उतरवून काढण्याऐवजीं विद्यार्थ्यानें स्वतः घेतलेल्या छायाचित्रावरून ती काढावी, एवढीच शिक्षकांस आमची विनंति आहे. डोळा सुधारला, तर हात बिघडणार नाहीं.