जाहीर आवाहन : मुलींच्या गोळ्यांवरची कुजबुज बंद करा

दारव्हा शहर आणि तालुक्यातल्या आईबापांनो, शिक्षकांनो, मेडिकलवाल्यांनो,

आपल्याच तालुक्यातल्या अकरावीच्या एका पोरीला परवा रक्त चढवावं लागलं. पाळी तीन-तीन आठवडे थांबत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी तिला हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या. दप्तरात पाकीट दिसलं. ‘उगाच नाही पोरगी सुटली,’ असं नात्यातल्याच एका बाईने गल्लीभर केलं. आईने घाबरून अर्धं पाकीट नालीत फेकलं आणि हिमोग्लोबिन पाचावर आलं. लाज वाटली पाहिजे आपल्याला!

आणि महालक्ष्म्यांच्या आधी आपण काय करतो? चिठ्ठी नसताना मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतो, पंधरा वर्षांच्या पोरीला देतो. ती नोरेथिस्टेरॉनची गोळीही हार्मोनचीच. तिनेही अंग फुगतं, मळमळतं. रक्ताच्या गाठी झालेल्यांना तर ती धोक्याची. तेव्हा कुणाला चारित्र्य आठवत नाही. सोवळ्याला चालते ती गोळी आजाराला का चालत नाही?

वजनाचं म्हणाल, तर रोजच्या मिश्र हार्मोनच्या गोळ्यांनी ते फार वाढतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पीसीओएस हा हार्मोनचा आजार असलेल्या कित्येक मुलींचं वजन गोळीच्या आधीच वाढलेलं असतं. नाव मात्र गोळीचं होतं. तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनचं वेगळं आहे. सरकारी दवाखान्यात ते ‘अंतरा’ नावाने फुकट मिळतं. त्याने वजन वाढू शकतं, आधीच जाड असलेल्या कोवळ्या मुलींचं जास्त. घेत असेपर्यंत हाडंही विरळ होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. अशा कोवळ्या सुनांना हे सुईच्या आधी सांगितलंच पाहिजे.

‘गोळ्यांनी पोरी बिघडतात’ म्हणणाऱ्यांशी वाद घालायला आम्हाला सवड नाही.

डॉक्टरांची गोळी मनाने बंद करू नका. सुरू करताना वजन लिहून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा करा. वाढलं तर गोळी न फेकता डॉक्टरांकडे जा, थायरॉइड तपासा. पोटरी सुजून दुखली, दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेडिकलवाल्यांनो, चिठ्ठीशिवाय गोळी देऊ नका. शिक्षकांनो, मुलींची दप्तरं उचकू नका.

लाडखेड असो की बोरी अरब, कोरोनात ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरलेल्या बचतगटाच्या बायका आहोत आम्ही. घटस्थापनेच्या आत शहरातल्या प्रत्येक मेडिकलवर जाणार आहोत. ज्यांच्या घरी मुली आहेत, त्यांनी सोबत यावं, बापांनीसुद्धा.

— बचतगटांच्या कार्यकर्त्या, दारव्हा