नकाशा कोणाला, तक्ता कोणाला?

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो आणि नवा चष्मा लावूनही अक्षरे दुहेरी दिसतात. अशा मुलाला पुन्हा नवा चष्मा लिहून देणे म्हणजे रोगाला मुदतवाढ देणे होय. हा केराटोकोनस असू शकतो. या रोगात डोळ्याचे पारपटल, म्हणजे कॉर्निया, पातळ होत जाऊन शंकूसारखे पुढे येते. आरंभी नेहमीच्या तपासणीत तो निसटतो. कॉर्नियल टोपोग्राफीत मात्र सापडू शकतो.

या तपासणीमागचे तत्त्व जुने व साधे आहे. पोर्तुगीज नेत्रवैद्य अंतोनियो प्लासिदो यांनी 1880च्या सुमारास काळ्यापांढऱ्या वर्तुळांची तबकडी वापरात आणली. पारपटलावर पडलेले वर्तुळांचे प्रतिबिंब जेथे वेडेवाकडे, तेथे पृष्ठभाग विषम. आज संगणक त्याच प्रतिबिंबाची मोजणी करून वक्रतेचा रंगीत नकाशा काढतो. डोळ्याला स्पर्श होत नाही. काम काही मिनिटांचे.

मग हे यंत्र आहे कोठे? लेसरने चष्मा घालविणाऱ्या शहरी केंद्रांत ते सर्रास आढळते. तेथे ते हवेच. सुप्त केराटोकोनस असलेल्या डोळ्यावर लेसर चालविणे घातक ठरते. परंतु ज्याला चष्मा नकोसा झाला त्याला नकाशा आणि ज्याची दृष्टी जात आहे त्याला केवळ अक्षरांचा तक्ता, हा न्याय कोणता? बाजाराला गरज दिसत नाही. त्याला क्रयशक्ती दिसते.

यावर ठरलेले उत्तर येते : साधने अपुरी आहेत, आधी मोतीबिंदू. 1976 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने मोतीबिंदूला अग्रक्रम दिला, तो रास्तच होता. पण अग्रक्रम हा इतरांना वगळण्याचा परवाना होऊ शकत नाही. हिशेब करायचा तर पुरता करावा. रोग वेळीच कळला तर रायबोफ्लेविनचे थेंब व अतिनील किरण यांच्या साह्याने पारपटल बळकट करणारी क्रॉस-लिंकिंगची उपचारपद्धती बहुतेकांत त्याची वाढ रोखते. उशीर झाल्यास पारपटलाच्या रोपणाची पाळी येऊ शकते आणि त्यासाठी लागणारे नेत्रदान देशात गरजेहून कमीच होते. बुडालेले शिक्षण आणि चाळीस वर्षांची वाया गेलेली श्रमशक्ती अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून ती शून्य ठरत नाही.

यंत्र महाग, ही सबबही लंगडी पडत आहे. स्मार्टफोनला वर्तुळांचे साधे उपकरण जोडून प्राथमिक छाननी करण्याचे प्रयोग बंगळूरच्या संशोधकांनी केले आहेत.

तेव्हा मागणी निःसंदिग्ध असावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात टोपोग्राफीचे यंत्र आणि ते चालविणारा कायम सेवेतील कर्मचारी हवा. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी वारंवार नंबर बदलणारी मुले तेथे पाठवावीत आणि पुढील उपचार सरकारी खर्चाने व्हावेत. रेशन व पाण्याच्या निवेदनांत कार्यकर्त्यांनी हे कलमही घातले पाहिजे. चष्मा बदलून थकलेली मुले स्वतः मोर्चा काढणार नाहीत. आपल्याला रोग झाला आहे, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.