दडविलेली चूक

मुलाच्या हातून काचेची बरणी फुटली, तर तें आईस येऊन सांगेल कीं तुकडे पलंगाखालीं सरकवील, हें त्याच्या स्वभावाहून त्या घराच्या रीतीवर अधिक अवलंबून असतें. चुकीबरोबर पाठीवर रपाटा ठरलेलाच असेल, तर तुकडे पलंगाखालीं जावयाचे आणि पुढें कोणाच्या तरी पायांत रुतावयाचे. कचेऱ्यांचें नि कारखान्यांचें याहून निराळें नाहीं.

ता. २३ डिसेंबर २०१५ रोजीं ऐन हिवाळ्यांत युक्रेनमध्यें सुमारें २,२५,००० ग्राहकांची वीज कांहीं तास बंद पडली. तीन वीजकंपन्यांच्या संगणकांत परके हात शिरले होते. त्यांची वाट कित्येक महिने आधींच तयार झाली होती: विश्वासू वाटणारा ई-मेल आला, आणि सोबतची फाईल नोकरांनींच उघडली.

असे ई-मेल रोज येतात. शंभरांतला एखादा केव्हां तरी फसणारच. प्रश्न असा, कीं मनांत शंका येतांच तो वरिष्ठांस सांगतो, कीं नोकरीच्या भयानें गप्प बसतो? सावधगिरीचे नियम भिंतीवर टांगलेले असले, तरी नवा कारकून शिकतो तें शेजारच्या जुन्या कारकुनाकडे पाहून. घाईच्या वेळीं साहेबच आपला पासवर्ड हाताखालच्यास सांगत असतील, तर भिंतीवरचा नियम कोण वाचणार?

विमानवाहतुकीनें हा धडा आधीं घेतला. अमेरिकेंत १९७६ पासून नासा ही संस्था वैमानिकांकडून व इतर कर्मचाऱ्यांकडून चुकांचे वृत्तान्त गुप्तपणें घेते. सांगणाराचें नांव काढून टाकलें जातें, आणि नकळत घडलेली चूक वेळेवर कळविल्यास बहुधा दंडही माफ होतो. एकाची चूक अशा रीतीनें सर्वांच्या उपयोगीं पडते.

अशानें शिस्त ढिली होईल, अशी शंका कोणी घेतील. बुद्ध्या केलेल्या अपराधास शिक्षा असावीच. नासाच्या योजनेंतही गुन्ह्यास अभय नाहीं. परंतु प्रामाणिक चुकीस तोच दंड लावला, तर चुका कमी होत नाहींत, फक्त दिसेनाशा होतात.

आमच्या वाचकांच्या घरोघरचे मुलगे, मुली व सुना आज बँकांत, इस्पितळांत, वीजकेंद्रांत जबाबदारीच्या जागीं आहेत. हाताखालचा एखादा घाबऱ्या चेहऱ्यानें "मी ती फाईल उघडली" असें सांगूं आला, तर त्यांनीं पहिला शब्द कोणता काढावा? "लगेच सांगितलेंत, बरें केलेंत," हा, असें आम्हांस वाटतें. चौकशी मागाहून होईलच.